अर्धे आठवलेले हसू

घोडनदीच्या काठी वसलेले शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन गावे होत. शिरूर हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील जुन्या पेठेचे गाव. दौंड हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील मोठे जंक्शन. घोडनदी पुढे भीमेलाच जाऊन मिळते. तिच्याप्रमाणेच या दोन्ही तालुक्यांतील वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणीही एका ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे जत्रेतील तमाशाचा फड.

चैत्र-वैशाख आला, की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रेची सुपारी देण्यासाठी गावचे पंच नारायणगावला जातात, तेथील राहुट्यांत बसून फड ठरवितात आणि ठरल्या रात्री गावात ढोलकी कडाडते. प्रथम गण होतो, मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात. त्यांच्यापुढे मावशी हात नाचवीत उभी राहते. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. यांतील बतावणी म्हणजे निव्वळ हजरजबाबीपणाचा खेळ. सोंगाड्या बोलतो, सरदार त्याला दटावतो आणि पुढे बसलेली हजारो माणसे पोट धरधरून हसतात.

अशा रात्री पाहिलेली माणसे आज पारावर किंवा एस. टी. च्या थांब्यावर भेटली, की एक गमतीचा वाद हटकून सुरू होतो. “त्या वेळी सोंगाड्याने राजाला काय उत्तर दिले होते?” एकाला प्रश्न आठवतो, उत्तर आठवत नाही. दुसऱ्याला उत्तर आठवते. पण ते कोणत्या वगातले, हे सांगता येत नाही. तिसरा सोंगाड्याचे नाव सांगतो आणि चौथा ते खोडून काढतो. हसू मात्र सर्वांनाच आठवते. शब्द विरून जातात आणि हसू मागे राहते, ही स्मरणशक्तीची मोठी विलक्षण रीत आहे.

उदाहरणार्थ, असा एक संवाद कल्पावा. राजा हवालदाराला विचारतो, “राज्यात चोऱ्या वाढल्या. तू पहारा करीत होतास ना?” हवालदार म्हणतो, “होय महाराज, रात्रभर डोळ्यांत तेल घालून पहारा केला.” “मग चोर कसा दिसला नाही?” “महाराज, डोळ्यांत तेल गेल्यावर दिसणार कसे?” शिरूरकडील म्हातारा म्हणतो, विनोद येथेच संपला. दौंडकडील म्हातारा म्हणतो, छे! हवालदार पुढे म्हणाला होता, “आणि तेल तरी कुठे चोख होते? तुमच्याच गावच्या दुकानातले ते!” दोघेही हट्टाला पेटतात. दोघांनाही वाटते, की समोरच्याची आठवण पार बिघडली आहे.

यांत खरा कोण? उत्तर असे, की दोघेही खरे असू शकतील. तमाशाचा वग पूर्वी नाटकासारखा अथपासून इतिपर्यंत लिहिलेला नसे. कवी कथेचा सांगाडा आणि गाणी देई. संवाद नट जागच्या जागी रचीत. फड गावात उतरला, की चतुर सोंगाड्या गावची थोडी माहिती काढी. येथील पाटील कोण, पाणी कुठून येते, यंदा पीक कसे आहे, हे तो जाणून घेई आणि रात्री ते सारे विनोदात गुंफी. म्हणून एकच बतावणी न्हावऱ्याला एका तऱ्हेने होई, तर पाटसला दुसऱ्या तऱ्हेने. नदी तीच, पण घाट निराळे. अशा विनोदाचा एकच खरा पाठ शोधणे म्हणजे वाहत्या पाण्याला गाठ मारण्यासारखे आहे.

मोठमोठ्या कलावंतांची कीर्ती याच गुणावर उभी राहिली. पुणे जिल्ह्यातील इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभार रंगवीत. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी हवालदारांची जोडी गाजविली. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. ते लिहिलेले होते. तरीही दादा कोंडके त्यात दर प्रयोगाला ताज्या घडामोडींवरील नवे बोल घालीत. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथील बशीर मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांना वग, फार्स आणि गाणी लिहून दिली. शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. लेखकाने लिहिलेले कागदावर राहते. पण नटाने त्यात त्या रात्री घातलेली भर केवळ ऐकणाऱ्यांच्या मनात राहते.

कोणी म्हणेल, एवढ्यातेवढ्या विनोदासाठी माणसांनी डोके का शिणवावे? विसरला तर विसरला! हे म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे, परंतु योग्य नाही. राजांच्या लढाया बखरींत आहेत, त्यांचे पराक्रम पोवाड्यांत आहेत. पण सामान्य शेतकऱ्याला सावकाराविषयी काय वाटत होते, शिपायाच्या दंडुक्याकडे तो कोणत्या नजरेने पाहत होता, हे बखरीत सापडत नाही. ते सोंगाड्याच्या तोंडी सापडते. जे उघड बोलण्याची सोय नव्हती, ते तो हसत हसत बोलून दाखवी. शिवाय तमाशातील बहुतेक कलावंत समाजाने दूर ठेवलेल्या जातींत जन्मलेले. रात्री त्यांच्या बोलण्यावर टाळ्या वाजविणाऱ्या गावाला सकाळी ते बोल लिहून ठेवावेसे वाटले नाहीत. तेव्हा या विनोदांचे विस्मरण हे नुसते विस्मरण नव्हे. त्यात थोडी उपेक्षाही मिसळलेली आहे. ती उपेक्षा आता तरी दूर झाली पाहिजे.

ध्वनिमुद्रणाचे महत्त्व येथेच कळते. पु. ल. देशपांडे यांच्या एखाद्या वाक्यावरून दोन रसिकांत वाद झाला, तर ध्वनिमुद्रण लावले की तो मिटतो. जत्रेतल्या सोंगाड्याला ते भाग्य सहसा लाभले नाही. आणि मुद्रण झाले म्हणजे सारे सुरक्षित झाले, असेही नाही. इंग्लंडमध्ये बीबीसी या संस्थेने ‘डॅड्ज आर्मी’ नावाची विनोदी मालिका १९६८ ते १९७७ या काळात दूरचित्रवाणीवर दाखविली. त्या वेळी चित्रफिती महाग असत. म्हणून जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे त्या मालिकेचे पाच भाग नाहीसे झाले. त्यांपैकी दोन २००१ मध्ये सापडले. तोवर तेथील रसिकांना ते भाग पुन्हा पाहता येत नव्हते. साधनसंपन्न देशाची ही गत, मग उघड्या माळावर गॅसबत्तीच्या उजेडात झालेल्या बतावणीचे काय सांगावे?

म्हणून जुन्या विनोदांचा शोध घेणे हे उपयुक्त काम आहे आणि ते मुलांनाही करता येण्यासारखे आहे. आजी-आजोबांना विचारावे, ते सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. मात्र या कामाला काही शिस्त हवी. चार माणसे एकत्र बसली, की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण इतरांच्या मनात शिरते आणि थोड्याच वेळात सर्वांना तसेच आठवू लागते. यासाठी प्रत्येकाची आठवण आधी वेगळी लिहावी, मग ती ताडून पाहावी. खेळ कोणत्या गावी आणि साधारण कोणत्या वर्षी पाहिला, हेही नोंदवावे. दोन पाठ निराळे निघाले, तर एक खोडून दुसरा ठेवू नये, दोन्ही ठेवावेत. शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट ही, की जेथे शब्द आठवत नाहीत तेथे जागा मोकळी सोडावी. आपल्या पदरचे वाक्य घालून ते सोंगाड्याच्या नावावर खपवू नये. ते वाक्य कितीही गमतीचे असले, तरी तो खोटेपणाच ठरतो. मोकळी जागा पुढे कोणी तरी भरून देऊ शकेल. खोटी भरलेली जागा मात्र कोणाच्याच ध्यानी येत नाही.

जुने ते सारे सोने नसते, हेही विसरून चालणार नाही. काही विनोद दुसऱ्याच्या जातीला, व्यंगाला किंवा गरिबीला हसणारे असत. पूर्वी लोक कशाला हसत, हे कळावे म्हणून ते वहीत असू द्यावेत. पण शाळेत किंवा अंगणात ते कोणावर उगारू नयेत. बलवंताच्या चुकीला हसतो तो खरा विनोद. दुबळ्याला रडवितो तो विनोद नव्हे.

पारावरच्या त्या वादाकडे पाहून तरुण माणसे कधी कधी हसतात. त्यांनी हसावे, परंतु निघून जाऊ नये. दोन म्हाताऱ्यांपाशी अर्धा-अर्धा विनोद असतो. त्यांचे ऐकून घेणारा तिसरा कोणी असेल, तरच त्या दोन अर्ध्यांचा एक होईल. तसा कोणी नसेल, तर शंभर गावांनी मिळून हसलेले हसू शेवटच्या म्हाताऱ्याबरोबर कायमचे थांबेल.

स्वाध्याय

१. शिरूरचा आणि दौंडचा असे दोन्ही म्हातारे खरे असू शकतील, असे पाठात का म्हटले आहे?
२. ‘नदी तीच, पण घाट निराळे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘डोळ्यांत तेल घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. पाठातील विनोद कशामुळे निर्माण झाला?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या दोन वडील माणसांना एकाच खेळाची आठवण स्वतंत्रपणे विचारा आणि दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहा.