नाटक संपल्यावर उठू नका

पथनाट्य करणारी संस्था गावात आली की आपण त्यांना चहा देतो, टाळ्या देतो, सरपंचांच्या हस्ते शाल आणि नारळ देतो. हे सगळं चांगलंच आहे. पण नाटक बायका-मुलींवर होणाऱ्या हिंसेबद्दल असेल, तर आणखी एक गोष्ट द्या. खेळ संपल्यानंतरचा एक तास द्या. मला जे सांगायचं आहे ते या तासाबद्दलच.

नाटकातून लोकांना जागं करायची वाट आपल्याकडे जुनी आहे. सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन खेड्यापाड्यांत विचार पोचवला, पुढे आंबेडकरी जलशांनी तेच केलं. बायकांच्या प्रश्नावर मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली ‘मुलगी झाली हो’ हे नाटक उभं केलं. ते ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलं, आणि संघटनेतल्या बायकांनी गात-नाचत वस्त्यांमधून, गावांमधून त्याचे प्रयोग केले. सासरच्या छळाबद्दलचं ४९८-अ हे कलमही त्याच वर्षी कायद्यात आलं. कायदा राजपत्रात छापून येतो, पण ‘हे माझ्याबाबतीत घडतंय आणि हा गुन्हा आहे’ हे बाईला कळतं ते असं समोर बसून काही पाहिल्यावर.

नाटकाबरोबरच या संघटनेने कुटुंब सल्ला केंद्रं चालवली आणि शाळांमधल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘जिज्ञासा’ हा कार्यक्रम सुरू केला. असं काम उभं करणाऱ्या कुणालाही हे करावंच लागतं. बाई नाटक पाहून बोलायला लागली, की तिचं ऐकायला आणि पुढची वाट दाखवायला माणूस हवा. तो नसेल, तर ती त्याच घरी आणखी एकटी होऊन परत जाते.

ही भीती उगाच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर चार बायकांपैकी एकीने नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. त्याच पाहणीचा देशाचा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. कुणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा वाट्याला आलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. आईलाही नाही आणि बहिणीलाही नाही.

आता त्या तासात काय होतं ते पाहू. नाटकातला एखादा प्रसंग निवडून तो पुन्हा करतात. प्रसंग साधाच असतो. नवरा कामावरून येतो, भाजीत मीठ जास्त पडलेलं असतं, तो ताट भिरकावतो आणि बायकोचे केस धरतो. सासू जपमाळ ओढत बसलेली असते. भिंतीपलीकडे शेजारीण सगळं ऐकत असते. इथे सूत्रधार मुलगी टाळी वाजवून खेळ थांबवते आणि विचारते, “यातल्या कुणी काय केलं असतं तर पुढचं टळलं असतं? नुसतं सांगू नका, इथे येऊन करून दाखवा.” आधी कुणीच हलत नाही. मागून एखादा बोलतो, “त्यांच्या घरातलं भांडण, आपण कशाला मधे पडायचं?” मी पाहिलेल्या एका खेळात नऊवारी नेसलेल्या एक आजी उठल्या. त्यांनी शेजारणीची जागा घेतली, हवेतच दाराची कडी वाजवली आणि म्हणाल्या, “वाईच इरजण दे गं बाई, माझं दही संपलंय.” नवऱ्याचं काम करणारा मुलगा गोंधळला आणि त्याचा हात खाली आला. आजी सरळ आत येऊन बसकण मारून बसल्या. “दे सावकाश. मला काय घाई न्हाई.”

त्यानंतर बायकांना थांबवणं कठीण झालं. एकीने सासूची जागा घेऊन मुलाचा हात धरला. दुसरीने बायकोच्या जागी उभं राहून फोन केला, पण कुणाला करायचा तिथे अडली, आणि तेवढ्यावरून सगळ्यांना मदतीचे क्रमांक सांगता आले.

प्रेक्षकाला खेळात ओढणारी ही पद्धत ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांची. १९८५ साली सुरू झालेली बंगालमधली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यांमध्ये अशा पद्धतीने काम करते आहे. आजींना यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. २००८ साली ‘बेल बजाओ’ मोहिमेच्या जाहिराती टीव्हीवर येत. मारहाणीचा आवाज ऐकून कुणीतरी त्या घराची बेल वाजवतं आणि किरकोळ निमित्त सांगतं, इतकंच त्यांत दाखवलेलं असे. आजी नेमकं तेच करत होत्या. हे तुम्हीही करू शकता. दार वाजवा, काहीही मागा. मात्र आत हत्यार असेल किंवा माणूस दारूच्या नशेत बेभान असेल, तर एकटे जाऊ नका, आधी ११२ला फोन करा.

कायदाही शेजाऱ्याच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे, असा प्रकार घडतोय असं ज्याला वाटतं तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा वहिनी, लग्नाशिवाय सोबत राहणारी बाई, या सगळ्यांना तो लागू आहे. घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर रंगवून घ्या.

आता पुरुषांबद्दल. असा कार्यक्रम ठरला की ‘महिलांसाठी आहे’ म्हणून पुरुष पारावर जाऊन बसतात. तसं होऊ देऊ नका. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष पुढे यावेत, असं आवाहन १९९१ साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून केलं, आणि दोनशेहून जास्त पुरुषांनी त्याला उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून कॉलेजमधल्या मुलांशी बोलत आहेत. ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा दिवाळी अंकही आहे. मुलांना बोलायचं असतं. रडलास तर बायल्या, बहिणीवर लक्ष ठेव, नकार ऐकायचा नाही, हे सगळं त्यांच्यावर कुणीतरी लादलेलं असतं आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलेलं नसतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलं हौसेने पथनाट्य बसवतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी तेव्हा अशा संस्थेच्या माणसांना चार दिवस आधी बोलवावं. मारणाऱ्या नवऱ्याचं काम करणारा मुलगा तालमीत जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

संस्थेला बोलावण्याआधी तीन गोष्टी विचारा. सोबत समुपदेशक येणार का? महिन्याभराने पुन्हा येणार का? आपल्या तालुक्यात कुणाशी त्यांचा संपर्क आहे? एकदाच येऊन फोटो काढून जाणारे असतील तर नको म्हणा. खेळानंतर कुणाही बाईला माईकवर स्वतःची कहाणी सांगायला लावू नका, मोबाइलवर चित्रण करू देऊ नका. बोलायचं असेल तर शाळेची एखादी खोली उघडी ठेवा आणि बाहेर ओळखीची बाई बसवा.

शिक्षकांना वेगळं सांगते. नाटकानंतर एखादं मूल तुमच्याकडे येऊन काही सांगू शकतं. ‘नक्की ना?’ असं विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या घरच्यांना बोलावून मिटवामिटवी करू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि ती दडवणं हा गुन्हा आहे. मुलाचं नाव बाहेर फुटता कामा नये. गावातल्या तंटामुक्ती समितीलाही माझी हात जोडून विनंती आहे. बांधाचा वाद बसून मिटवा, मारहाण मिटवू नका. ‘जुळवून घे’ म्हणून परत पाठवलेल्या बाईला पुढच्या वेळी तक्रार करायचा धीर उरत नाही.

शेवटी पैशाचं. या संस्थांकडे तो कायम अपुरा असतो. टेम्पोचं भाडं, डफ-ढोलकी, मुलींचं रात्रीचं जेवण आणि मुक्काम, इतका खर्च गावाने उचलावा. गणेश मंडळाला एका संध्याकाळचा हा खर्च जड नाही. मंडप उभा असतो आणि माणसं आलेली असतात. पण मोठी गरज समुपदेशक ताईच्या पगाराची असते. देणगीदार प्रयोगाला पैसे देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. पोलीस ठाण्यात बाईसोबत तीन तास बसून राहणारी ताई कुणाच्या अहवालात नीट मावत नाही. तुम्ही देणार असाल तर तिच्या पगारासाठी म्हणून द्या, पावती घ्या, वर्षाचा हिशेब मागा आणि पुढच्या वर्षीही तेवढेच द्या. अनुदानाचं वर्ष मार्चला संपतं, आणि एप्रिलमध्ये आपण कामावर असू की नाही हे त्या ताईला फेब्रुवारीपर्यंत माहीत नसतं.