छत्री उघडलीच नाही

२००९ साली प्रसिद्ध झालेला एक स्वीडिश प्रयोग मला फार आवडतो. घोड्याला धरून किंवा त्याच्यावर बसून ठरावीक अंतर पुन्हापुन्हा पार करायचं. चौथ्या खेपेआधी माणसांना सांगितलं, या वेळी वाटेत छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या काळजाचे ठोके वाढले आणि ज्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं त्या घोड्यांचेही!

हा प्रयोग आठवतो तो घोडेस्वार अनुष अगरवालामुळे. तो कोलकात्याचा. शिकायला जर्मनीत गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या चौघांत तो होता. सोबत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. घोडेस्वारीतलं भारताचं हे ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. शिवाय अनुषला वैयक्तिक कांस्य, मग अर्जुन पुरस्कार. दहा महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिक: ६६.४४४ टक्के, गटात नववा, पहिल्याच फेरीत बाहेर. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय होता, आणि हांगझोऊचा एट्रो नव्हे तर सर कॅरामेलो हा दुसराच घोडा त्याच्याखाली होता. पदकं मोजणाऱ्यांना एवढ्या तपशिलात शिरायला वेळ कुठला?

त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण या खेळात दडपण लपवायला जागा नाही, हे नक्की. वेगवान गोलंदाज राग चेंडूवर काढू शकतो. इथे स्वाराने श्वास रोखला की कंबर ताठरते, मांड आखडते, लगामावरचा हात जड होतो. घोड्याची चाल लगेच तुटते आणि पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहातले गुण देत बसलेले असतात.

म्हणून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. श्वास लांब सोडायचा सराव करता येतो. गुणफलकाऐवजी पुढचं वळण डोळ्यांपुढे ठेवता येतं. मोतद्दार असला तरी खरारा स्वतः करता येतो. तेवढ्यात घोडाही शांत होतो आणि हातही. त्याहून अवघड काम बाकीच्यांचं. सत्कारांचा हंगाम आवरता घ्यायचा, नव्या घोड्यावर छोट्या स्पर्धांत पोराला निवांत हरू द्यायचं. परतीच्या गाडीत टक्केवारी काढायची नाही. विचारायचंच असेल तर घोड्याचं विचारावं: पायाची सूज उतरली का, दाणा नीट खाल्ला का.