गाडी गेली, गाणं राहिलं
मध्यंतरी चंडीगडला, सेक्टर 32 मध्ये राहणाऱ्या काकांकडे गेलो होतो. त्यांची स्कूटर कधीच विकली गेली. आता जपानी सुझुकीची मारुती आहे. पण स्टिअरिंग हाती आलं की गुणगुणतात 1989 मधलं 'हमारा बजाज'च! काकू म्हणतात, "अहो, गाडी बदलली, गाणंही बदला की!"

जपानातही हेच. 1972 मध्ये निस्सानने स्कायलाइन मोटारीच्या जाहिरातीत केन आणि मेरी ही भटकी जोडी आणली. 'बझ' या गायकद्वयाचं त्यातलं गाणं घरोघरी पोचलं. जाहिरातीत दिसलेलं होक्काइदोतल्या बिएई गावचं पॉप्लरचं झाड 'केन-मेरीचं झाड' म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं.

गाडी भंगारात जाते, सहल गाण्यात उरते. स्कूटरच्या मागच्या सीटवर कोण बसायचं, हे काकूंना ठाऊक आहे. म्हणून त्या नुसतं रागावतात. गाणं थांबवत नाहीत.