राष्ट्राचा संघ कोठें घडतो ?

गेल्या पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं एक सूचना मांडली. शाळेच्या मागील अंगास बास्केटबॉलचे जे दोन खांब उभे आहेत ते काढून टाकावे व ती फरसबंद जागा वाहनें उभीं करण्याकडे द्यावी, असा तिचा आशय होता. लिलावाच्या दिवसांत बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनीं आमचा रस्ता कसा भरून जातो, हें लासलगांवकरांस सांगावयास नको. मुलांस न्यावयास आलेल्या पालकांच्या गाड्यांस जागा उरत नाहीं, ही तक्रार खरी आहे. शिवाय त्या खांबांपैकीं एकाचें कडें वांकलेलें आहे, जाळें तर केव्हांच गेलें, आणि शाळा सुटतांच फाटकास कुलूप पडत असल्यामुळें तेथें खेळतांना कोणी दिसत नाहीं. जी वस्तु वापरांत नाहीं ती ठेवावी कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. तो सद्हेतूनें विचारलेला होता. म्हणून त्याचें उत्तरहि सरळपणें दिलें पाहिजे.

आमचें मत या सूचनेच्या विरुद्ध आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. वस्तु वापरांत नाहीं म्हणून काढून टाकावयाची, कीं ती वापरांत कां नाहीं हें पाहावयाचें, एवढाच खरा वाद आहे. क्रिकेटास विस्तीर्ण मैदान लागतें, फुटबॉलासहि लागतें. बास्केटबॉलचें कोर्ट २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असलें म्हणजे पुरें. एक चेंडू व दोन कडीं एवढ्या भांडवलावर एका वेळीं दहा मुलें खेळतात. हुतुतू व खोखो हे आपले घरचे खेळ सोडले, तर दाट वस्तीस इतका सोयीचा खेळ सांपडणें कठीण.

हा खेळ जन्मला तोच मुळीं जागेच्या अडचणींतून. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे एक तरुण शिक्षक होते. ते मूळचे कॅनडाचे. धर्मशास्त्राचें शिक्षण घेऊन पुढें व्यायामशिक्षणाकडे वळलेले. हिंवाळ्यांत बाहेर खेळतां येईना व आंतल्या कवायतीला विद्यार्थी कंटाळलेले. तेव्हां त्यांनीं तेरा नियम लिहून काढले व शाळेच्या शिपायाकडे दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, शिपायानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्यास दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन तट करून खेळ सुरू झाला. लासलगांवीं हा प्रसंग घडता तर शिपायानें कांद्याची पाटीच आणून दिली असती, आणि खेळास नांवहि निराळेंच पडलें असतें ! असो. त्या दहा फुटांत आजतागायत फरक पडलेला नाहीं. वाय. एम. सी. ए. च्या मंडळींबरोबर हा खेळ हिंदुस्थानांत आला. १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें त्याच संस्थेचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें. १९३४ सालीं दिल्लीस पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

परंतु स्पर्धा भरल्यानें खेळाडू निर्माण होत नाहींत. ते कोठें निर्माण होतात हें पाहावयाचें असेल तर मुंबईंतील नागपाड्यास जावें. अमेरिकन मराठी मिशन हें नांव आमच्या कित्येक पालकांच्या आजोबांस ठाऊक असेल. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत या मिशननें एकोणिसाव्या शतकापासून शाळा चालविल्या. त्याच मिशनतर्फे १९२५ सालीं डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हिंदुस्थानांत आले. त्यांस व्याख्यानमंदिर काढतां आलें असतें. त्यांनीं मुंबईंतील अत्यंत गजबजलेली व गरीब वस्ती निवडली आणि १९२६ सालीं तेथें नागपाडा नेबरहुड हाऊस उभें केलें. शेजाऱ्यांचें घर, असाच त्या नांवाचा अर्थ. शेजारी कोणत्या धर्माचा व कोणत्या जातीचा हा प्रश्न त्या घरांत नव्हता. याच घरांतून १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवाच्या समाजकार्याच्या विद्यालयास आरंभ झाला. तें आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून देशभर विख्यात आहे, आणि त्याचे पहिले संचालक मॅन्शार्टच होते.

विद्वान लोक नेबरहुड हाऊसचा उल्लेख या विद्यालयासाठीं करितात. आम्हांस त्याच्या बास्केटबॉलचें कौतुक अधिक वाटतें. त्या अरुंद गल्ल्यांच्या वस्तींत, जेथें घरांत पाय पसरावयास जागा नाहीं तेथें, मुलांस संध्याकाळीं जाण्यास एक जागा मिळाली. नेबरहुड हाऊसच्या संघानें मोठमोठ्या संघांशीं टक्कर दिली, आणि नागपाडा हें नांव भारतीय बास्केटबॉलमध्यें दुमदुमूं लागलें. या वस्तीनें भारताच्या संघास एकामागून एक खेळाडू दिले. गुलाम अब्बास मुंतसीर हे त्यांतील अग्रगण्य. ते भारताचे कर्णधार झाले व १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. तेथील प्रशिक्षक बच्चू खान यांच्या नांवानें आज महापालिकेचें मैदान आहे. मंत्र्यांच्या व सेनापतींच्या नांवाचीं मैदानें पुष्कळ असतात. वस्तींतल्या मुलांस खेळ शिकविणाऱ्याच्या नांवाचें मैदान विरळा. आम्हांस तरी त्या पाटीपुढें क्षणभर थांबावेंसें वाटतें.

आतां भारताच्या संघाचा हिशेब मांडूं. तो गोड नाहीं, आणि गोड करून सांगण्यांत अर्थहि नाहीं. १९६५ पासून आपला पुरुषांचा संघ आशियाई अजिंक्यपद स्पर्धेंत उतरूं लागला. १९७५ सालीं बँकॉक येथें तो चौथा आला; त्याहून वरचें स्थान अद्याप मिळालेलें नाहीं. ऑलिंपिकमध्यें तो एकदांच गेला, १९८० सालीं मॉस्कोस; तेंहि अनेक राष्ट्रांनीं बहिष्कार घातला म्हणून. बारा संघांत आपला क्रम बारावा लागला. २०१४ सालीं चीनमधील वूहान येथें आपल्या संघानें प्रत्यक्ष चीनला ६५ विरुद्ध ५८ असें हरविलें, तेव्हां चार दिवस वर्तमानपत्रें आनंदलीं. पाचव्या दिवशीं सर्व शांत झालें. इतक्या मोठ्या देशास पांच उत्तम खेळाडू मिळूं नयेत काय, असें त्या वेळीं लोक म्हणत. आमच्या मतें प्रश्न उलटा विचारला पाहिजे. देशांत नागपाडे किती आहेत ?

येथें युरोपांतील एका लहान राष्ट्राची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकांठचा देश. त्याची लोकसंख्या सुमारें २९ लाख. आमच्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत ६१ लाख होती. म्हणजे तें सबंध राष्ट्र आमच्या एका जिल्ह्याच्या निम्म्याहूनहि लहान. युरोपची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९३५ सालीं जिनिव्हा येथें झाली, ती शेजारच्या लाटव्हियानें जिंकली. १९३७ सालीं रीगा येथें लिथुआनियानें ती जिंकली. पूर्वी पोटासाठीं अमेरिकेस गेलेल्या लिथुआनियन कुटुंबांतील कांहीं तरुण आपल्या पूर्वजांच्या देशीं परत आले होते व त्यांनीं तेथील मुलांस खेळ शिकविला होता. जिंकल्यामुळें पुढील स्पर्धा भरविण्याचा मान त्या देशास मिळाला, आणि तिच्यासाठीं कौनास शहरीं खास क्रीडागृह बांधलें गेलें. १९३९ च्या त्या स्पर्धेंत प्रानास लुबिनास नांवाचा उंच खेळाडू होता. अमेरिकेंत तो फ्रँक लुबिन होता, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत तो होता. (त्या ऑलिंपिकचा अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानांत व भर पावसांत झाला, चेंडू चिखलांत टप्पा घेईना, आणि निकाल लागला १९ विरुद्ध ८. आमच्या श्रावणांतील सामन्यांस हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) कौनास येथें लिथुआनियानें लाटव्हियास ३७ विरुद्ध ३६ असें एका गुणानें हरविलें व अजिंक्यपद राखलें.

पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, सोव्हिएत सैन्य आलें आणि देशच नकाशावरून नाहींसा झाला. राष्ट्र नाहीं तर राष्ट्राचा संघ कोठून ? पण कडीं शिल्लक होतीं. शाळांत, अंगणांत, कोठारांच्या भिंतींवर तीं होतीं, आणि मुलें खेळत होतीं. कौनासच्या झालगिरिस संघानें १९८५, १९८६ व १९८७ अशीं लागोपाठ तीन वर्षें मॉस्कोच्या लष्करी संघास मागें टाकून सोव्हिएत अजिंक्यपद मिळविलें. त्या विजयांत लिथुआनियन लोकांस काय वाटलें असेल तें आपल्या लोकांस, ज्यांनीं परकीय सत्ता पाहिली त्यांच्या नातवंडांस, वेगळें समजावून सांगावयास नको. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्यें सोव्हिएत संघानें उपांत्य सामन्यांत अमेरिकेस हरवून पुढें सुवर्णपदक घेतलें. त्या संघाचे आधारस्तंभ चार होते : साबोनिस, मार्चुलियोनिस, होमिचुस व कुर्तिनाइतिस, आणि चौघेहि लिथुआनियाचे. पदक मात्र दुसऱ्याच्या निशाणाखालीं.

१९९० च्या मार्चमध्यें लिथुआनियानें स्वातंत्र्य पुकारलें. १९९२ सालीं बार्सिलोनास स्वतःच्या नांवानें संघ पाठवावयाचा तर तिजोरींत पैसा नाहीं. तेव्हां मार्चुलियोनिसनें ठिकठिकाणीं पदर पसरला; ग्रेटफुल डेड नांवाच्या अमेरिकन गायकमंडळीनेंहि मदत केली व रंगीबेरंगी सदरे दिले. कांस्यपदकाच्या सामन्यांत गांठ पडली ती जुन्या सोव्हिएत राष्ट्रांच्या संयुक्त संघाशींच. लिथुआनियानें तो सामना ८२ विरुद्ध ७८ असा जिंकला आणि ते रंगीत सदरे घालून खेळाडू पदक घेण्यास उभे राहिले. १९९६ व २००० सालींहि त्यांनीं कांस्यपदक मिळविलें, २००३ सालीं युरोपचें अजिंक्यपद पुन्हां घेतलें, आणि २०२३ सालीं मनिला येथील जागतिक स्पर्धेंत अमेरिकेस ११० विरुद्ध १०४ असें हरविलें. पन्नास वर्षें राष्ट्र नव्हतें. खेळ मात्र होता, म्हणून राष्ट्र परत येतांच संघ तयार होता.

आमच्या पालकांपैकीं कित्येकांच्या मनांत येथवर एक शंका आली असेल, कीं तीं गोरीं मुलें ताडासारखीं उंच. आमच्या मुलांचें काय? साबोनिस सवासात फुटांचा होता हें खरें. परंतु संघांत पांच जण असतात आणि चेंडू पुढें नेणाराला उंचीपेक्षां डोळा व पाय अधिक लागतात. उंची लाभलीच तर खेडेगांव आड येत नाहीं : पंजाबांतील बल्लो के या खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग २०१५ सालीं अमेरिकेंतील एन. बी. ए. च्या संघांसाठीं निवडला गेला. भारतांत जन्मलेला तसा तो पहिलाच. पण असले दाखले देऊन पालकांस भुलविणें आमच्या मनांत नाहीं. आमच्या कोर्टावरून कोणी भारताच्या संघांत जाईल, असें वचन आम्ही देत नाहीं व कोणीं देऊंहि नये.

दुसरी अडचण वेळेची. उन्हाळ कांदा काढणीस आला म्हणजे घरांत हात कमी पडतात, आणि शेतकऱ्याच्या मुलानें शेतांत जावें यांत आम्हांस कांहींच वावगें दिसत नाहीं. परंतु काढणीचे दिवस सोडून उरलेल्या महिन्यांत हींच मुलें शाळेंतून शिकवणीस व शिकवणींतून घरीं अशीं धांवतात, आणि रात्रीं हातांत फोन घेऊन बसतात. तेव्हां तास वांचला तो कोणाचा ? दहावीच्या वर्षीं मुलांस खेळाच्या तासास पाठवूं नये, अशी विनंती करणारीं पत्रें दरवर्षीं येतात. त्यांतील बहुतेक पत्रें मुलींच्या घरचीं असतात, व तीं दहावींतच नव्हे तर सातवी-आठवींतहि येतात. याविषयीं स्पष्ट बोलावयास हवें. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली; तिच्या घरून असें पत्र गेलें असतें तर ती कोठें असती ? आमच्या मुली कांद्याच्या पाट्या डोक्यावरून वाहतात तेव्हां त्यांच्या प्रकृतीची काळजी कोणास वाटत नाहीं. चेंडू हातांत घेतला कींच ती कां वाटावी?

राहिला वाहनांचा प्रश्न. तो सुटला पाहिजे, व तो दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर मुरूम टाकून सुटण्यासारखा आहे. कोर्ट एकदां उखडलें म्हणजे पुन्हां होत नाहीं. आमची सूचना इतकीच : वांकलेलें कडें सरळ करून घ्यावें, दोन जाळीं व चार चेंडू आणावे, आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत फाटक उघडें ठेवावें. आमच्या शाळेच्या मुलांसच नव्हे, तर शेजारच्या वाड्यांतील व बाजारांत हमाली करणाऱ्यांच्या मुलांसहि तेथें येऊं द्यावें. नागपाड्याच्या घरास तेंच नांव होतें.

देखरेख कोण करील, असें विचारलें जाईल. आमच्या शिक्षकांपैकीं दोघांनीं आठवड्यांतून दोन-दोन दिवस थांबण्याचें कबूल केलें आहे. एका शिक्षिकाबाईंनीं मुलींसाठीं शनिवार घेतला आहे. सोमवारचा दिवस रिकामा आहे. एखाद्या पालकानें तो पत्करला तर आठवडा पुरा होतो. किल्ली शाळेच्या कार्यालयांत दाराशेजारच्या खिळ्यावर असते. पुढील पालकसभा जूनमध्यें आहे.