नाबोथाचा मळा

‘ते पाप पूर्वजांचे, आमचे हात स्वच्छ आहेत,’ असे ऑस्ट्रेलियात आजही म्हटले जाते. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

१० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्समधील मायल क्रीक येथे बारा घोडेस्वारांनी विररायराय जमातीच्या किमान २८ निःशस्त्र माणसांची कत्तल केली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध होते. पहिल्या खटल्यात अकरा आरोपी निर्दोष सुटले. तथापि महाधिवक्ता जॉन ह्यूबर्ट प्लंकेट या आयरिश कॅथलिक गृहस्थाने लोकक्षोभाची पर्वा न करता दुसरा खटला उभा केला आणि सात जण फासावर गेले. ते सारे कैदी वा माजी कैदी होते. टोळीतला एकमेव जन्मतः स्वतंत्र वसाहतवाला जॉन फ्लेमिंग मात्र कधीच न्यायालयासमोर आला नाही. पुढे १९२८ साली कोनिस्टन येथे पोलिसाच्या नेतृत्वाखालील तुकडीने आदिवासींना ठार मारले, तेव्हा चौकशी मंडळाने ते कृत्य समर्थनीय ठरविले!

अहाब राजाने नाबोथावर एकही दगड उचलला नव्हता. त्याने केवळ मळा ताब्यात घेतला. तरीही एलिया संदेष्ट्याने खुनाचा जाब त्यालाच विचारला. ज्याला वारसा हवा, त्याने वारशावरील ऋणही स्वीकारले पाहिजे. चोरीचा माल घरात ठेवून केलेले पापनिवेदन पुरे पडत नाही; जक्कयाने चौपट परत केले होते.

२००० साली मायल क्रीक येथे स्मारक झाले. मारेकऱ्यांचे आणि बळींचे वंशज तेथे एकत्र उभे राहिले. हा पश्चात्ताप खरा. भरपाई अद्याप बाकी आहे. आपलीही मुले आज त्या भूमीवर घरे घेत आहेत. मळा कोणाचा, हे त्यांनीही विचारावे.