शाळेतल्या नांग्या



या पानावर आम्ही एरवी लागण, खताचे डोस आणि खोडव्याचे पाचट यांवरच लिहितो. शाळा हा आमच्या खात्याचा विषय नव्हे, हे कबूल. पण गेल्या हंगामात गट ऑफिसकडे स्लिपबॉयच्या जागेसाठी जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज बी.एस्सी., बी.एड. झालेल्या माणसाचा निघाला.

आम्ही त्यांना बसवून घेतले, चहा सांगितला. "सर, तुम्ही इकडे कसे?" म्हणून विचारले. नऊ वर्षे ते एका विनाअनुदानित तुकडीवर गणित शिकवीत होते. संस्था देईल ते मानधन, तेही वर्षातून दोनदा. अनुदान येईल या आशेवर दिवस काढले. "साहेब, पोरांना चक्रवाढ व्याज शिकवायचो आणि घरी सोसायटीचे व्याज भरायला पैसे नसायचे," असे ते हसत म्हणाले. आम्हाला काही हसू आले नाही. हंगामी का होईना, इथे पगार दरमहा होतो, एवढ्यावर त्यांनी शाळा सोडली. आज उसाच्या नोंदी ते अगदी चोख ठेवतात. आमच्या खात्याचा फायदाच झाला म्हणायचा!

जिल्हा परिषदेच्या शाळेत पगार नियमित, पण तिथेही सन २००० पासून शिक्षणसेवक पद्धत आहे. पहिली तीन वर्षे नुसते मानधन. प्राथमिकला ते कित्येक वर्षे ६,००० रुपये होते, जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. वाढले ते बरेच झाले. पण परजिल्ह्यातून आलेल्या मुलीने त्यात खोलीभाडे, खाणे आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे कसे?

आणि खोली तरी कुठे आहे? मास्तर गावात राहात नाहीत, ही पारावरची तक्रार आपलीच. खोटी नाही. पण एकट्या बाईमाणसाला संडास-न्हाणीची खोली द्यायची म्हटले, की आपण आधी जात विचारतो. मग ती तालुक्याहून एस.टी.ने ये-जा करते, आणि संधी मिळताच बदली घेते, नाहीतर परीक्षा देऊन तलाठी होते. शिवाय पोषण आहाराचा तांदूळ, माहितीचे तक्ते, निवडणुकीची कामे आहेतच. दोनशिक्षकी शाळेत एक मास्तर कागदातच बुडालेला.

प्लॉटात नांग्या पडल्या तर आपण पंधरवड्यात रोप आणून भरतो. शाळेतली गणिताची जागा वर्षभर मोकळी राहते, तेव्हा कुणी विचारीत नाही. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. पंधराव्या दिवशी तुम्ही आम्हाला जाब विचारता, आणि बरोबरच करता. आपल्यातले काही सभासद शाळांच्या संस्थांवर आहेत. मास्तरांचे मानधन सहा-सहा महिने का तटते, हे त्यांनाही विचारावे. राग येईल, येऊ द्या.

कारखान्याच्या कॉलनीतील काही खोल्या मोकळ्या आहेत. परिसरातल्या शिक्षकांना त्या माफक भाड्याने द्याव्यात, असा विषय येत्या वार्षिक सभेपुढे यावा, असे आमचे मत आहे. ज्यांना पटते त्यांनी आपापल्या गट ऑफिसात लेखी द्यावे.

स्लिपबॉयच्या कामावरचे सर म्हणतात, दरमहा पगाराची हमी मिळाली तर जूनमध्ये शाळेत परत जाईन. आमची हरकत नाही.