आकडा हलवू नका

कॉम्प्युटरवाल्या मित्रांत एक वाद नेहमी रंगतो. काळ्या पडद्यावर सरळ कमांड टाइप करता येत असताना '१ दाबा, २ दाबा' असला मेनू हवाच कशाला? माझंही मत पूर्वी तेच होतं. मेनू म्हणजे बालवाडी! ते मत मला सोलापुरात, मामाच्या दुकानात बदलावं लागलं.

चाटी गल्लीत मामाचं चादरींचं दुकान. तिथले दिवाणजी नव्वदच्या दशकात डॉसवरच्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅमवर तयार झालेले. पडद्याकडे न बघता आकडे दाबायचे, दुसऱ्या हातात चहा. पुढे ते मशीन गेलं तेव्हा मी लिनक्सवर बॅश स्क्रिप्ट लिहून तसाच मेनू करून दिला. १ आजचा हिशेब, २ उधारीची यादी, ३ बॅकअप. रात्री निघताना दिवाणजी ३ दाबणार, 'काम झाले' असं दिसलं की मॉनिटर बंद.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. त्याचा अहवाल मी मेनूत घातला, तो उधारीच्या यादीखाली. हिशेबाच्या गोष्टी एकत्र असाव्यात ना! बॅशमधल्या 'सिलेक्ट'ला पर्यायांची यादी दिली की ते आपोआप क्रमांक घालतं. त्यामुळे ३ वर अहवाल आला आणि बॅकअप गुपचूप ४ वर सरकला. दिवाणजी रोज ३ दाबत राहिले. अहवालही 'काम झाले' असंच म्हणायचा.

नवव्या दिवशी डिस्क गेली.

मी फोनवर जरा तावातच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तीनच दाबलो की रे मी. आकडा तू हलवलास."

बरोबरच होतं त्यांचं. आठ दिवसांची उधारी परत भरता आली ती केवळ त्यांनी सवयीने वहीतही लिहून ठेवली होती म्हणून. दोन रात्री बसून मीच ती भरली.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मेनूतला आकडा हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिलेला शब्द असतो. नवखा माणूस मेनू वाचतो, पण रोजचा माणूस तो वाचत नाही. त्याची बोटंच तो पाठ करतात. म्हणून नवा पर्याय नेहमी शेवटी घालावा, मग तो तिथे विजोड दिसला तरी चालेल. एखादं काम बंद झालं तर त्याचा आकडा रिकामा ठेवावा, दुसऱ्याला देऊ नये. 'डायलॉग' किंवा 'व्हिपटेल' वापरलं तर प्रत्येक पर्यायाची खूण आपणच ठरवतो, त्यामुळे आकडे पक्के राहतात. रास्पबेरी पायच्या सेटिंगची ती चौकट व्हिपटेलचीच. साध्या 'केस'नेही हे जमतं.

आणि नुसतं 'काम झाले' म्हणू नये. कोणतं काम झालं, फाइल केवढी झाली, हे सांगावं. आता दुकानात 'बॅकअप झाला' हे शब्द तारखेसकट मोठ्या अक्षरांत येतात.

कोणी म्हणेल, मग माउसवाला देखणा प्रोग्रॅमच का नाही? जरूर करा. पण तिथेही बटणाची जागा बदललीत तर हेच होणार.

असो. बॅकअप पुन्हा ३ वर आहे. जीएसटी ४ वर, एकटाच, विजोड. दिवाणजी अजूनही पडद्याकडे बघत नाहीत. आणि वहीत लिहिणंही त्यांनी सोडलेलं नाही.. माझ्यावरचा विश्वास तेवढाच!